बटणाएवढं गेज

दार्जिलिंगच्या डोंगरातल्या तिनधारियाच्या रेल्वे कारखान्यात चौतीस वर्षं वाफेची इंजिनं खोलून पुन्हा जोडणारा दिलमान सुनुवार निवृत्त झाला, तेव्हा साहेबांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि बायकोने, तुलसाने, घरामागची लाकडं ठेवायची खोपी रिकामी करून दिली. तुमचे हात काही स्वस्थ बसायचे नाहीत, घरातला कुकर उघडून बसण्यापेक्षा काय करायचं ते तिकडे करा, असं तिने सांगून टाकलं होतं.

त्या खोपीत दिलमानने सहा वर्षं खपून एक इंजिन बनवलं. लांबी जेमतेम सव्वा वीत. आयुष्यभर ज्या इंजिनांच्या पोटात डोकं घातलं, त्यांचंच हुबेहूब पिल्लू. पितळेची नळी सिलिगुडीच्या भंगारबाजारातून आणलेली, चाकं स्वतः घासून गोल केलेली, चिमणी एका जुन्या समईसारख्या दिव्याची. खाली स्पिरिटचा दिवा पेटवला की खऱ्या वाफेवर चालेल असं ते इंजिन होतं. पण ते एकदाही चाललं नव्हतं. कारण त्याला प्रेशर गेज नव्हतं. दाब दाखवणारा काटा नसेल तर बॉयलरखाली काडी लावायची नाही, हे दिलमानच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की पेलाभर पाण्याच्या बॉयलरलाही तो तोच नियम लावत होता. आणि शर्टाच्या बटणाहून जरासं मोठं गेज बनवणं काही त्याला साधत नव्हतं. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा काटा वेड्यासारखा फिरला.

त्याची मुलगी बिनिता सिलिगुडीच्या इस्पितळात नर्स होती. तिने फोनवर शोधाशोध करून वेल्समधला एक म्हातारा गाठला. एमरिस प्रोथेरो त्याचं नाव. तो घरीच अशी छोटी गेजं बनवून विकायचा. दिलमानने बिनिताकरवी त्याला विचारलं की बॉयलर थंड होताना काटा शून्यावर येतो, की थोडा अलीकडेच अडकतो? त्यावर म्हाताऱ्याचं दोन पानी उत्तर आलं. हा प्रश्न मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता, असं त्याने लिहिलं होतं. मग पाच-सहा महिने दोघांचं चालू राहिलं. दिलमान नेपाळीत सांगायचा, बिनिता इंग्रजीत लिहायची, तिकडून झडपांची आणि नळ्यांची चित्रं यायची. नोव्हेंबरात पत्रं थांबली. जानेवारीत म्हाताऱ्याच्या बायकोचं, ग्वेनेथचं, चार ओळींचं उत्तर आलं की एमरिस गेले, पण तुमचं गेज तयार आहे, अडतीस पौंड पाठवा, मी पार्सल टाकते. बिनिताने आपल्या कार्डावरून पैसे भरले. दिलमानने दोन दिवस खोपी उघडली नाही. ज्याला कधी पाहिलं नाही त्याचं सुतक कसं पाळायचं, ते त्याला कळत नव्हतं.

मार्चमध्ये कोलकात्याच्या कस्टमकडून कागद आला. तुमचं पार्सल आलं आहे, बिल आणि ओळखपत्र पाठवा. दिलमानने अडतीस पौंडांचं बिल आणि आधारची प्रत नीट पाकिटात घालून पाठवली आणि निश्चिंत झाला.

तीन आठवड्यांनी पोस्टमन नोर्बू चढ चढून दारात आला आणि सही घेऊन दुसरा कागद दिला. दिलमान इंग्रजी अक्षर लावून लावून वाचायचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला वाटलं आपलीच चूक होते आहे. म्हणून त्याने नोर्बूला वाचायला लावलं. नोर्बूने वाचलं आणि आवाज खाली आणला.

"दाजू, ते म्हणतात पाठवणाऱ्याने पार्सलवर नऊशे पौंड किंमत लिहिली आहे. आणि तुम्ही बिल दिलंत अडतीसचं. कर चुकवायला खोटं बिल दिलं असं का समजू नये, ते पंधरा दिवसांत कळवा."

दिलमान ओट्यावर बसला तो बसलाच. नोर्बूसाठी तुलसा चहा घेऊन आली, तर नवरा भिंतीकडे बघत बसलेला. कारखान्यात रोज संध्याकाळी फाटकावर झडती व्हायची. पितळ महाग, माणसं गरीब. डब्यातून, मोज्यातून काय काय निघायचं. चौतीस वर्षांत दिलमानच्या खिशातून एक वायसर निघाला नव्हता. शेवटची दहा-बारा वर्षं तर शिपाई त्याला हात न लावताच जाऊ द्यायचा. आणि आता, सदुसष्टाव्या वर्षी, सरकारी शिक्क्याच्या कागदावर त्याच्या नावापुढे 'खोटं' हा शब्द आला होता. किंमत, कर, दंड हे सगळं त्याच्या डोक्यात फार नंतर शिरलं.

बिनिता फोनवर म्हणाली की त्या बाईने चुकून एक शून्य जास्त लिहिलं असेल. पण अडतीसला कितीही शून्यं लावली तरी नऊशे होत नाहीत, हे तिलाही कळत होतं. ग्वेनेथला विचारलं तर तिचं उत्तर येईना. शेवटी दिलमानने कोट बाहेर काढला, बिलाच्या आणि सगळ्या पत्रांच्या प्रती घेतल्या आणि जीपने सिलिगुडी, तिथून गाडीने कोलकाता असा निघाला. जाताना तुलसाने पोळ्या आणि डल्ले मिरचीचं लोणचं बांधून दिलं. "तिथे जाऊन गप्प बसू नका. तोंड उघडा," एवढंच तिने सांगितलं.

कस्टमच्या कचेरीत त्याला शर्मिष्ठा नियोगी नावाच्या बाईंसमोर बसवलं. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी कागद पाहिले, पत्रांच्या प्रती चाळल्या, आणि शिपायाला पार्सल आणायला सांगितलं.

खोकं आलं तेव्हा दिलमान खुर्चीतून अर्धा उठला. बटणाएवढ्या गेजला एवढं खोकं? शिपायाला ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं होतं.

बाईंनी त्याच्यासमोर ते कापायला लावलं. वर एक पत्र. त्याखाली औषधाच्या गोळ्यांच्या डबीत कापसात बसवलेलं गेज. त्याखाली लोकरीच्या जुन्या स्वेटरात गुंडाळलेलं काहीतरी. शिपायाने स्वेटर उलगडला आणि टेबलावर एक इंजिन उभं राहिलं. हिरवंगार, पितळेच्या पट्ट्यांचं, सव्वा वीत लांब. दिलमानच्या हातून चष्म्याचं घर खाली पडलं. त्याला ते उचलायचं भान नव्हतं.

पत्र बाईंनीच वाचून सांगितलं. ग्वेनेथने लिहिलं होतं की एमरिसने हे इंजिन अकरा वर्षं लावून बनवलं. मुलांना यातलं काही नको आहे. शेवटच्या महिन्यात तो तुमच्याबद्दलच बोलायचा, म्हणून हे तुमच्याकडे राहावं. ही भेट आहे, पैसे पाठवू नका. भेट आहे हे आधी कळवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून कळवलं नाही.

बाईंनी पत्राची घडी घातली. खोट्या बिलाचा मुद्दा संपला, तसं मी लिहून टाकते, दंड काही नाही, असं त्या म्हणाल्या. दिलमानने दोन्ही हात जोडले. मग त्यांनी गणकयंत्र पुढे ओढलं आणि आकडा कागदावर लिहून कागद त्याच्याकडे फिरवला. सहासष्ट हजारांच्या वर.

दिलमानने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. महिन्याच्या पेन्शनच्या तिप्पट रक्कम होती ती. फुकट आलेल्या वस्तूवर.

"पण मॅडम, हे तर बक्षीस आहे. मी मागितलंसुद्धा नाही."

"बक्षिसावर सूट होती पूर्वी, काका. आता नाही. आता फक्त जीव वाचवायचं औषध आणि राखी."

"राखी?"

"हो. राखीवर नाही लागत."

दिलमानने गोळ्यांची डबी हातात घेतली. नुसतं गेज घेऊन जाऊ का, असं त्याने विचारलं. तेही होत नव्हतं. पार्सल एक, पावती एक. घ्यायचं तर सगळं, नाहीतर सगळंच परत वेल्सला. बाईंनाही वाईट वाटत असावं. त्यांनी खुर्ची जरा पुढे सरकवली आणि म्हणाल्या की जुनी वापरलेली वस्तू आहे, किंमत जास्त लागली असं वाटत असेल तर जाणकाराचं मत जोडून कमी करायचा अर्ज करता येतो. तुम्ही स्वतः फिटर आहात. तुम्हीच सांगा, हे नऊशे पौंडांचं आहे का?

दिलमानने इंजिन हातात घेतलं. बॉयलरचे सांधे अंगठ्याने चाचपले. चाकांमागचा दांडा हलवून पाहिला; कुठे म्हणून कचकच नाही. चाळीसेक रिव्हेटं, प्रत्येक मोहरीएवढं, आणि एकही वाकडं नाही. त्याच्या स्वतःच्या इंजिनाच्या डाव्या बाजूला सहा वाकडी होती.

"नाही मॅडम," तो म्हणाला.

बाईंनी पेन उचललं. "मग किती?"

"नऊशेत यातलं निम्मं कामसुद्धा कोणी करून देणार नाही. दोन हजारांच्या खाली मी तरी हे सोडलं नसतं."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. दारातला शिपाईही बघत राहिला. मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसला.

"काका, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "पाठवणाऱ्याने नऊशे लिहिलंय, मला ते बरोबर वाटतं. आता तुम्ही बाहेर जा, घरी फोन करा आणि काय ठरलं ते सांगा. दुसरं काही सांगू नका."

बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून त्याने तुलसाला सगळं सांगितलं. घराचे पत्रे बदलायला बाजूला ठेवलेले ऐंशी हजार तेवढे होते. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"मला विचारू नका," ती म्हणाली. "विचारलंत तर मी नाहीच म्हणणार."

दिलमानने विचारलं नाही. बिनिताला सांगून त्यातूनच पैसे भरायला लावले आणि परतीच्या गाडीत खोकं मांडीवर घेऊन बसला. शेजारच्याने काय आहे विचारलं तर त्याने खोकं आणखी जवळ ओढलं. झोपही लागली नाही. सहासष्ट हजार हा आकडा गाडीच्या चाकांबरोबर डोक्यात वाजत होता.

तुलसा दीड महिना खोपीकडे फिरकली नाही. भांडली नाही, पण जेवायला वाढताना पत्र्यांकडे बघायची. दिलमानने गेज आधी आपल्या इंजिनाला बसवलं. एका सकाळी सहा वर्षांनी पहिल्यांदा त्याने बॉयलरखाली काडी लावली. काटा हळूहळू वर चढला, आणि वेडंवाकडं इंजिन फळीवरून चार हात जाऊन थांबलं. काटा उतरताना नीट शून्यावर आला. एमरिसने लिहिलं होतं तसाच. दिलमान खाली बसून मुलासारखा रडला. मग त्याने दाराकडे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून. तुलसा वाफेला धूर समजून पाण्याची बादली घेऊन आली होती. ती बादली ठेवून गेली.

मग त्याने एमरिसचं इंजिनही चालवून पाहिलं आणि दोन्ही चालल्याचं बिनिताकरवी ग्वेनेथला कळवलं. कराबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं तुलसाने बजावलं होतं. जूनमध्ये ग्वेनेथचं पत्र आलं. मी बहिणीकडे इस्पितळात होते म्हणून उत्तर राहिलं, असं म्हणून पुढे तिने सहज लिहिलं होतं की पार्सल पोचल्याचं ऐकून जीव भांड्यात पडला. मुलगा म्हणत होता की खरी किंमत पंचवीसशे लिही, म्हणजे हरवलं तर विमा मिळेल. मी तसं लिहायलाही घेतलं होतं. पण खिडकीवरची मुलगी म्हणाली की विमा नऊशेच्या वर देतच नाहीत, मग खोडून नऊशे केलं. तुम्हाला काही कमीपणा वाटला नाही ना?

बिनिताने फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा दिलमान परसातल्या मोहरीच्या वाफ्याला पाणी घालत होता. झारी तशीच वाहत राहिली. त्याने जाऊन तुलसाला सांगितलं. तिने पंचवीसशेवरच्या कराचा बोटांवर हिशेब केला, जमला नाही, पुन्हा केला आणि चुलीपाशी बसली.

"तेवढं लागलं असतं तर काय केलं असतं?" तिने विचारलं.

"परत पाठवलं असतं."

तुलसाने खिडकीतून खोपीकडे पाहिलं. दाराच्या फटीतून हिरव्या रंगाची एक कड दिसत होती.

"नसतं पाठवलंत," ती म्हणाली, आणि भाताखालचं लाकूड पुढे सारलं.