तळमजल्याची पाळी

भोपाळमधल्या बरखेड्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टरवाटप संगणकावर न्यायचं ठरलं, तेव्हा ते सॉफ्टवेअर आम्ही तिथल्याच कार्यालयात लिहायला घेतलं. काम सरकारी, पण कोड खुला. देशातल्या कुठल्याही टाउनशिपमधला इंजिनिअर तो वाचू शके आणि दुरुस्ती पाठवू शके. ती स्वीकारायची मात्र त्यानेच, ज्याने तो भाग लिहिला.

कोणाला आधी क्वार्टर मिळणार ती ज्येष्ठता ठरवणारा भाग माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने लिहिला होता. तो बरखेड्यातच तिसऱ्या मजल्यावर राहायचा. आई नागपूरची, गुडघे गेलेले. तळमजल्याचं क्वार्टर मागणाऱ्यांच्या कच्च्या यादीत त्याचा पहिला नंबर होता. खाली वड्या कुठे वाळत घालायच्या, हेही आईने ठरवून ठेवलं होतं.

यादी लागायच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या एका इंजिनिअर बाईंची दुरुस्ती आली. बदली होऊन आलेल्यांची आधीची नोकरी तुमचा कोड धरत नाही, नियम धरतो, असं त्यांनी लिहिलं होतं. सहकाऱ्याने नियम काढून पाहिला. बाईंचं बरोबर होतं. दुरुस्तीनंतर तीन कुटुंबं त्याच्या पुढे जात होती.

आमचे साहेब त्याच्या पडद्यावर वाकले. "अरे भैया, लिस्ट लग जाने दो. बाद में कर लेना. कौन देख रहा है?"

"सर, सभी देख रहे हैं. खुला है ना."

"तो माताजी को भी दिखा देना," म्हणत साहेब केबिनमध्ये गेले.

तो माझ्याकडे वळला. "तू स्वीकार ना ती."

"भाग तुझा आहे," मी म्हटलं.

तो चहा प्यायला गेला. परत आल्यावर जुन्या अर्जांवर दुरुस्ती तपासून पाहिली, स्वीकारली आणि खाली बाईंचे आभार लिहिले.

यादी लागली त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर मीही घरी गेलो. आई दारातच होती.

"लागली का यादी?"

"लागली. चौथा आहे."

"काऊन रे? पहिला होतास ना?"

"हिशोबात चूक होती."

"कोणाची?"

"माझीच."

"अन् सुधरवली कोणी?"

"तीही मीच."

आईने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "मोठा शहाणा आहेस बाप्पा. गव्हाचं पोतं खाली जिन्यात पडलंय. तेही तूच वर आण."

पोतं दोघांनी उचललं. दुसऱ्या मजल्यावर त्याने ते कठड्याला टेकवलं आणि दम घेतला.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "ज्येष्ठता तू लिही. मी दुरुस्त्या पाठवतो."