दाजींच्या पायजम्याच्या चुण्या

जालना जिल्ह्यात कुणाच्या घरी शिलाई मशीन आहे आणि तिच्या खणात काय गंजत पडलंय, हे आमच्या दाजींएवढं कुणालाच ठाऊक नसेल. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. अंबडच्या कोर्टातून रिटायर झाले, जालन्यात मस्तगडला घर केलं, आणि मशीनच्या जुन्या फुटांच्या मागं लागले. फूट म्हणजे सुईखाली बसवायचा तो लोखंडी तुकडा हो. एक चुण्या पाडतो, एक गोट लावतो, एक काठ दुमडतो. पूर्वी मशीनसोबत डबाभर यायचे. आता बायका ते डबे भंगारात देतात आणि दाजी भंगारातून उचलून आणतात.

माणूस सज्जन, पण कुणाच्या घरी नेण्याजोगा न्हाई. जाफराबादला एक म्हातारी वारली म्हणून आम्ही भेटायला गेल्तो. सगळ्या बायका डोळ्याला पदर लावून बसलेल्या, आणि दाजी हळूच विचारतात, "आजींची मशीन कुठं असती?" मला कुठं तोंड लपवू असं झालं. निघताना बघते तर दाजींच्या खिशात चुण्यांचा फूट, आणि तोही त्या घरच्या सुनेनंच कागदात बांधून दिलेला. गंजका फूट घरी आला की रॉकेलात भिजतो, आणि भिजतो हाताला लागेल त्या वाटीत. त्यांच्याकडची कढी मी वास घेतल्याशिवाय तोंडाला लावत न्हाई. मंग दातांच्या जुन्या ब्रशनं घासणं, कानस मारणं, तेल देणं. फूट लख्ख झाला की चुण्या भिंगातून तपासणार. एखादी जरा जाड पडली तरी सगळं खोलून पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून दाजींना साधं बटण लावता येत न्हाई. शिवायची ती अक्का, माझी नणंद. गल्लीतल्या निम्म्या पोरी तिनं शिवलेले फ्रॉक घालून शाळेत गेल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर एकदा तिची टीप वाकडी गेली, आणि तिनं मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. झालं माझं शिवणं, म्हणाली. दाजींनी जन्मभर त्या खडखडीला नावं ठेवली होती. घर शांत झालं तर त्यांनाच करमेना. एकदा मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "वहिनी, ती मशीनवर बसली पाहिजे. मी सांगून न्हाई ऐकायची. फूट बघून तरी हात शिवशिवंल."

हात कुठला शिवशिवतोय. तिच्या चहाच्या बशीशेजारी हे चकचकीत फूट मांडून ठेवायचे. ती "छान हाय" म्हणायची आणि तूरडाळ निवडत राह्यची. मंग दाजी स्वतःच चादर जरा बाजूला सारून चाचणी घेऊ लागले, समोर दिसेल त्या कापडावर. अभ्र्याला चुण्या, टॉवेलाला चुण्या. माझी भाजीची पिशवी घरी आली ती झालर लावून.

शेवटी अंबडला नात्यातल्या एका लग्नाला जायचा दिवस उजाडला. जीप दारात हॉर्न देऊन राह्यली, आणि दाजी आतल्या खोलीत एका पायावर भिंतीला धरून उभे. पायजम्याच्या एका पायाला त्यांनी त्या जाफराबादच्या फुटानं अशा दाट चुण्या घातल्या होत्या की पाऊल बाहेरच निघेना. अक्का म्हणाली, दुसरा घाला. दुसरा त्यांनी सकाळीच बादलीत बुडवून ठेवला होता. सुकलेल्या, धुतलेल्या, इस्त्रीच्या पायजम्याला बादलीत काय काम होतं, हे मी विचारलं न्हाई.

"काढा तो. द्या इकडं," अक्का म्हणाली. "कोर्टात केस पांढरे केले, पण एक पायजमा संभाळता येत न्हाई."

तिनं चुण्या उसवल्या, काठ नव्यानं दुमडला. मशीनवरची चादर ओढली. सुईत दोरा तिला ओवता येईना, तो मी ओवून दिला. खडखड सुरू झाली तसे टॉवेल गुंडाळून उभे असलेले दाजी एकदम खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

टीप मधेच सरकली. अक्कानं कापड हातात घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला, आणि मान खाली ठेवूनच विचारलं, "वाकडी गेली का हो?"

दाजींनी पायजमा उजेडात धरला. भिंग गळ्यातच लटकत होतं, त्याला हातसुद्धा लावला न्हाई. बराच वेळ बघितलं.

"बिलकुल सरळ," म्हणाले.

लग्नात ते पहिल्या रांगेत बसले होते, तोच पाय पुढं काढून, लोकांना दिसावा असा. आणि अक्का बायकांमधून, हातातल्या अक्षता तशाच मुठीत धरून, त्या टिपेकडं बघत होती.