क्लेपोन कुणाचे

आखातातल्या बिन महमूद वस्तीतल्या त्या बिल्डिंगीत बिलकिसचा राग सगळ्यांच्या परिचयाचा होता. लिफ्ट बंद पडली की वॉचमन आधी लपायला जागा शोधायचा. पण २००३ च्या गणपतीनंतर ती जशी भडकली, तसं तिला भडकलेलं नवऱ्याने, रहमाननेही, बावीस वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं.

निमित्त होतं क्लेपोनचं. चिकट तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्या, आत माडाचा गूळ, उकळून वर ओला नारळ. अख्खी तोंडात टाकून ओठ मिटायचे, नाहीतर गूळ कपड्यांवर. हे तिला वार्तिनीने शिकवलं होतं. वार्तिनी जावातल्या तेगल गावची, वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन कुटुंबाकडे कामाला. शुक्रवारी ते लोक समुद्रावर गेले की ती खाली बिलकिसच्या स्वयंपाकघरात यायची. आंबेमोहोर तांदळासारख्या वासाची लांब पानं वाटून, पिळून हिरवा रस काढायची. दापोलीच्या बिलकिसला तांदूळ, नारळ, गूळ काही नवे नव्हते. महिन्याभरात तिचा हात बसला. पुढे ईदला, बारशाला बायका तिच्याकडून क्लेपोनचे डबे मागवू लागल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या पुण्याच्या नीताने एकदा विचारलं, तेव्हा बिलकिसने तिला समोर बसवून शिकवलं होतं.

आणि आता इंग्रजी पेपरात नीताचा फोटो, हातात त्याच हिरव्या गोळ्यांचं ताट. मुलगी रिदा वाचून दाखवत होती, "Nita's green modak. My own innovation, she says."

"म्हणजे?"

"म्हणजे आंटी म्हणतात, हे हिरवे मोदक त्यांनी स्वतः शोधून काढले."

बिलकिसने पेपर ओढून घेतला.

"जाऊ दे गो," रहमान म्हणाला. "मिठाईच आहे."

"मिठाई? माझ्या ओट्यावर बसून शिकली ती. गुळाची गोळी केवढी घ्यायची, ते मी तिच्या हातात ठेवून दाखवलं. आणि पेपरात माझं नाव नाही?"

नुसतं भांडून भागणार नव्हतं, साक्षीदार हवा होता. ती तशीच वर गेली. वार्तिनी इस्त्री करत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. बिलकिसने तिचा हात धरला नि तिला तिसऱ्या मजल्यावर नेलं.

दार नीतानेच उघडलं. हसली. "अगं, आज दोघी एकदम?"

"हसू नका." बिलकिसने पेपर तिच्यापुढे धरला. "हे कुणी शोधलं म्हणता?"

नीताचा चेहरा उतरला. "ते पेपरवाल्यांनी जरा वाढवून लिहिलंय. आणि मी त्यात वेलची घातली होती. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

"वार्तिनी, सांग हिला. हे कुणी शिकवलं?"

वार्तिनीने फोटोकडे पाहिलं, मग बिलकिसकडे. घरात कामापुरतं शिकलेल्या मोडक्या अरबीत ती म्हणाली, "आना." मी. मग नीताकडे बोट करून, "मदाम, ला." ही नाही. बोट बिलकिसकडे वळलं. "मदाम बिलकिस, ला. आना. माझी आई. बाजारात विकते."

ती आवाज चढवून बोलली नाही. "तुम्ही दोघी भांडता. मला कुणी विचारत नाही." एवढं बोलून ती जिना चढून गेली.

बिलकिसचा राग आता वार्तिनीवर उलटला. 'साक्षीला नेली, तर मलाच खोटं पाडलं,' असं ती चार दिवस रहमानला ऐकवत होती. पाचव्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, "डबे घ्यायला बायका येतात, त्यांना तू कधी सांगितलंस का, हे वार्तिनीचं आहे म्हणून?"

ती त्याच्यावरही चिडली. पण त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. आता राग काढायला दुसरं माणूस उरलं नव्हतं.

शुक्रवारी ती वर गेली. वार्तिनीने दार उघडलं. बिलकिस दारातच म्हणाली, "मी पण चोरच निघाले." मग तेच हिंदीत म्हणाली. वार्तिनीला कितपत कळलं कोण जाणे. ती लगेच हसली वगैरे नाही. दोन शुक्रवार खाली आली नाही, तिसऱ्या शुक्रवारी आली.

२००५ मध्ये वार्तिनीचा करार संपला आणि ती तेगलला परत गेली. आता डबा न्यायला आलेली कोणी "बिलकिसभाभींचे क्लेपोन" म्हणाली, की बिलकिस तिथल्या तिथे तिला फटकारते, "माझे नाहीत. वार्तिनीचे." नीताशी ती अजून बोलत नाही.