आगाशेसाहेबांची उजवी दाढ

आगाशेसाहेब दुपारच्या चहाबरोबर फुटाणे खायचे, पण फक्त उजव्या बाजूने. एकेक फुटाणा त्या एका दाढेखाली धरायचा, कडकन फोडायचा आणि डायरीत टिपून ठेवायचं. नवा माणूस हे बघून चक्रावायचा. आम्ही जुने लोक सांगायचो, "प्रयोग चालू आहे."

भोपाळमधल्या आमच्या सरकारी कारखान्यात विजेच्या तारांना लागणारे चिनीमातीचे इन्सुलेटर बनायचे. साहेब प्रयोगशाळेत, मी तपासणी विभागात. त्यांच्या लेकीच्या दाढेत टाउनशिपच्या दवाखान्यात भरलेलं सिमेंट तिसऱ्यांदा पडलं, तेव्हा ते भडकले. "आपला इन्सुलेटर ऊनपावसात जन्मभर उभा राहतो, आणि पोरीच्या दाढेतलं सिमेंट दिवाळीसुद्धा बघत नाही? लाज वाटली पाहिजे आपल्याला!" लाज फक्त त्यांनाच वाटली. बाकीच्यांनी नुसते दात काढले.

मग रोजचं काम संपलं की ते काचेची भुकटी आणि आम्ल कालवत बसायचे. सिमेंट मजबूत तर हवंच, शिवाय त्यातून थोडंथोडं फ्लोराइड सुटत राहायला हवं, म्हणजे दात पुन्हा किडत नाही. पण फ्लोराइड सुटायला लागलं की सिमेंटची गोळी ठिसूळ व्हायची, आणि गोळी भक्कम झाली की फ्लोराइड आतच अडकायचं. "अगदी आपल्या वरच्या साहेबांसारखं," ते म्हणायचे. "खुर्चीत घट्ट बसले की हातून काही सुटत नाही."

अखेर जमलं. पहिला नमुना त्यांनी दवाखान्यातल्या दंतवैद्य बाईंकडून स्वतःच्याच दाढेत भरून घेतला. दुसरा आला माझ्या टेबलावर, कारण टाउनशिपच्या मुलांच्या दातांत भरायचा तर आमचा शिक्का हवा होता. आमच्याकडे फॉर्म एकच, इन्सुलेटरचा. मजबुतीच्या सगळ्या चाचण्यांत गोळी पास. शेवटचा रकाना होता, "नमुन्यातून काही बाहेर पडते काय?" तिथे 'होय' म्हणजे नापास.

"साहेब, 'नाही' लिहून टाकतो," मी म्हणालो.

"अरे, त्या 'होय'साठी सहा वर्षं घातली मी! 'नाही' लिहिलंस तर माझं काम झालंच नाही असं होईल. 'होय' लिही."

मी 'होय' लिहिलं, नामंजुरीचा शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे ती गोळी फोडून टाकली. आमचे विभागप्रमुख वर्माजी स्वतः समजूत घालायला आले. "आगाशेजी, बुरा मत मानिए. अपने यहाँ जो चीज़ रिसती है, वो रिजेक्ट होती है."

दातांसाठी वेगळा फॉर्म करावा म्हणून साहेबांनी अर्ज केला. समिती नेमली गेली. दात हा विषय दवाखान्याचा की प्रयोगशाळेचा, यावर ती चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या एका बंगल्यात चहा पीत चर्चा करत राहिली, आणि इकडे साहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना इन्सुलेटर भेट मिळाला.

मी अधूनमधून जवाहर चौकाजवळच्या त्यांच्या घरी फुटाणे घेऊन जायचो. हळूहळू त्यांचे बरेच दात गेले, उजवी दाढ तेवढी जागेवर होती. तोंड उघडून दाखवायचे. "बघ, तू नापास केलेली!" आणि मनापासून हसायचे. मला मात्र त्या शिक्क्याची लाज वाटायची. अजून वाटते.

ते गेले आणि महिन्याभराने नवा फॉर्म मंजूर होऊन आला. त्यात 'होय' म्हणजे पास. वर्माजी खुशीत म्हणाले, "चलो, आगाशेजी का केस क्लोज़ कर दो."

मी सगळे रकाने भरले. शेवटचा होता, "नमुना सध्या कोठे आहे?" तिथे 'भदभदा स्मशान' असं लिहिलं, सही केली आणि मंजुरीचा शिक्का मारला.