तांब्या भिकनच्या हातात

पुण्याला जाऊन एम.ए.ला बसलेला शिंदखेड्याच्या महारवाड्यातला पहिला पोरगा म्हणजे भिकन सोनवणे. विषय घेतला होता खेड्यातली सामाजिक विषमता. जन्मापासून जी भोगली, ती आधी पुस्तकात वाचायची आणि मग पुन्हा खेड्यात जाऊन शोधायची, हा काय प्रकार, असं त्याचा बाप म्हणायचा. बापाचं काही चुकत नव्हतं. पण प्रबंधावाचून पदवी नव्हती आणि पदवीवाचून भिकनला दुसरी वाट नव्हती.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात प्राध्यापकांनी त्याला चोपड्याजवळच्या एका गावी धाडलं. तिथले शालिग्राम नाना त्यांच्या ओळखीचे, केळीचे मोठे बागायतदार. नानांनी पोराच्या अंगातला कोट पाहिला, आडनाव ऐकलं. आता खानदेशात सोनवणे कुठल्या जातीत नाहीत? नानांनी आपल्या मनानेच सोयीची जात धरली आणि साहेबांचं पान आपल्या शेजारी मांडलं. त्यांनी विचारलं नाही, भिकनने सांगितलं नाही. का सांगावं? गाव त्याच्याशी मोकळं बोलत होतं ते नानांचा पाहुणा म्हणूनच. खरं कळलं असतं तर त्याच दिवशी गाशा गुंडाळावा लागला असता आणि प्रबंध बोंबलला असता.

"आमच्याकडे भेदभाव नाही हो," नाना जेवताना म्हणाले. "आता तर कायदाच झालाय. आमच्या बागेत सगळ्या मजुरांना पाणी मिळतं. उद्या बघाच तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बघायला गेले. घड कापायला लांबून आलेले मजूर बांधावर ओळीने बसले होते. माठाला त्यांनी शिवायचं नाही, ओंजळ धरायची. घरचं कुणीतरी तांब्या उंच धरून वरून धार सोडायचं, म्हणजे शिंतोडा परत उडत नाही. भेदभाव नाही तो हा. नानांनी तांब्या भरला आणि मोठ्या कौतुकाने भिकनच्या हाती दिला. "घ्या साहेब, तुमच्याच अभ्यासाचं काम. आज तुम्हीच पाजा."

नाही कसं म्हणणार? तो पाजत निघाला. दोन-तीन माणसं झाली आणि पुढच्या ओंजळीमागचा चेहरा त्याने ओळखला. झुंबरबाई. त्याच्या आईची सख्खी धाकटी बहीण, जिने त्याला मांडीवर घेऊन भरवलं होतं. तिनेही ओळखलं होतं. पण तिने नजर खाली टाकली आणि परक्यासारखी ओंजळ पुढे केली.

मावशी म्हणावं तर सगळं गेलं. न म्हणावं तर आपण माणूस कसले? भिकन असा घुटमळत होता, आणि त्याच्या ध्यानात आलं की हात केव्हाच वर गेलाय. इतरांच्या वेळेपेक्षा वीतभर जास्तच वर. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने ठरवलंही नव्हतं. स्वतःचाच हात बघून तो हादरला. धार पडली, मावशी प्यायली, पदराने तोंड पुसून कामाला लागली.

"छान जमतं की तुम्हाला," नाना म्हणाले. भिकन पुढच्या ओंजळीकडे सरकला.

दिवस मावळायच्या सुमारास तो मजुरांच्या झोपड्यांकडे गेला. मावशीने शिव्या घालाव्यात, एक थोबाडीत द्यावी, एवढंच त्याला हवं होतं. ती भाकरी थापत होती. त्याला पाहताच उठली आणि पिठाच्या हातांनीच त्याची दृष्ट काढून बोटं मोडली.

"बेस करं, दादा," ती हळूच म्हणाली. "तुना हात जरा बी खाले उना नही. नहीतं नानानी दोन्हीसले हाकली दिधं व्हतं."

मग शेजारच्या चुलींकडे वळून म्हणाली, "मना भाचा शे. दखा, साहेबना मायेक पानी पाजस."

साहेबासारखं पाणी पाजणाऱ्या आपल्यातल्या पोराकडे बाया अभिमानाने बघू लागल्या. भिकन तिथेच मटकन बसला आणि ढसाढसा रडला. मावशीला वाटलं, पोराला आईची आठवण आली.