तू फक्त अनुभव सांग

“काका, अंगाचा वास जातो का हो कधी?”

भरलेल्या हॉलमध्ये, माईकवर, त्या नटाने माझ्या बाबांना विचारलं. हात जोडून. अगदी प्रेमाने.

बाबा स्टेजवर उभे होते. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी हात वर केला, शर्टाची बाही नाकाजवळ नेली आणि हुंगली.

खाली कुणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या पडल्या.

मी नाटकांवर लिहिते. तत्त्वज्ञानावर लिहिते. कोण कुणाकडे बघतं, कोणाच्या वतीने कोण बोलतं, हा माझा विषय. नोकरी नाही, जो छापेल त्याला लेख देते. आम्ही डोंबिवलीशेजारी कोपरला राहतो. बाबा गटारं साफ करायचे, आता रिटायर झालेत. त्या संध्याकाळी डोंबिवलीत गटारात उतरणाऱ्या माणसावरचं नाटक होतं. दिग्दर्शक ठाण्याचा, शिकल्यासवरल्या घरातला. प्रयोगानंतरच्या चर्चेला त्याने मला समीक्षक म्हणून बोलावलेलं. “वडिलांनाही आण, त्यांना बरं वाटेल,” म्हणालेला. मी घेऊन गेले. बाबा शेजारीपाजारी सांगून आलेले, पोरगी भाषण करणार आहे.

चर्चा चालवायला एक निवृत्त प्राध्यापक होते. स्टेजवर चढताना मला हळूच म्हणाले, “तू फक्त अनुभव सांग हं. थिअरीचं आम्ही बघतो.”

आणि मला न विचारता त्यांनी बाबांनाच वर बोलावलं. दिग्दर्शक बाबांच्या पाया पडला. फोटो निघाले. मग गटारातल्या माणसाचं काम करणाऱ्या नटाचा तो प्रश्न आला.

मी माईक ओढून घेतला.

“त्यांना खाली जाऊ द्या. मला विचारा. तुमच्या नाटकात हा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टेजवर आहे आणि एक वाक्य बोलत नाही. का?”

“मौन हीच त्याची भाषा आहे,” दिग्दर्शक म्हणाला.

“ती तुम्ही त्याच्या तोंडात कोंबलीत. माझा बाप मुकादमाशी भांडायचा, युनियनच्या सभेत ओरडायचा. त्याला गप्प झालेलं मी आज पहिल्यांदा बघितलं. तुमच्या स्टेजवर.”

प्राध्यापक मध्ये पडले. “बाळ, तुझ्या वेदनेचा आम्ही आदर करतो. पण तू भावनिक झालीस.”

माईक बंद झाला. मी बोलत राहिले. ऐकू कुणालाच गेलं नाही.

रिक्षात बाबा म्हणाले, “माझं काय चुकलं का गं? काहीतरी बोलायला पाहिजे होतं मी.”

एवढी पुस्तकं वाचलेली. मी फक्त त्यांची बाही घट्ट धरली.

नाटकावर लेख लिहिला. संपादकांचा फोन आला. “जड झालंय गं. वडील बाही हुंगतात ना, त्यावरच लिही. लोक रडतील.” मी नाही म्हटलं. लेख पडून राहिला. नाट्यमंडळींच्या ग्रुपमधून मला काढलं. दुसऱ्या दोन ठिकाणांहूनही उत्तरं येईनाशी झाली. बाबा आता कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही अंगावर सेंट मारतात. आई ओरडते. ते म्हणतात, “उगाच आपलं, बरं असतं.” ती बाटली हातात घेतलेली दिसली की कुठे जाऊन आदळू कळत नाही.

तो हुंगण्याचा क्षण मी इथे लिहिलाय. कारण तो बाबांचा नाही. तुमचा आहे, त्या हॉलमधल्या सगळ्यांचा. तुम्ही घडवलात, तुम्हीच टाळ्या वाजवल्यात.

यापुढे माझ्या घरातलं दुःख मागायला येऊ नका. मिळणार नाही. पुढच्या प्रयोगाला मी तिकीट काढून येणार आहे. तुमची संहिता, तुमचा प्रकाश, तुमची दया, सगळं उलगडून लिहिणार आहे. त्याच तुमच्या जड, थिअरीच्या भाषेत. कुणी छापो न छापो.