बाईंचं ‘मान्य’

कवळीवाल्यांचं आणि परगावच्या एका बाईंचं काहीतरी आहे, अशी कुजबुज गल्लीत अकरा वर्षं होती, आणि ती पिकवण्यात पोस्टमनचा हात मोठा. उघडं कार्ड न वाचणारा पोस्टमन अजून जन्माला यायचाय. पण कार्डात मजकूर काय, तर राजा कुठे, हत्ती कुठे, पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो. लाडीगोडीची ही कसली भाषा, म्हणून बिचारा डोकं खाजवायचा.

प्रकरण तसलं नव्हतंच. कवळीवाले दिवसभर दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत लोकांच्या कवळ्या घासत आणि घरी येऊन बुद्धिबळातले शेवटाचे डाव रचत. पटावर मोजके मोहरे, आणि दर वेळी पांढऱ्यापाशी जिंकणारी चाल एकच. दुसरी सापडली की डाव बाद. बायको गेल्यापासून घरात बोलायला सून, तीही ‘बाबा, पानं वाढलीत’ एवढंच. बाईंची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. त्या डाव तपासून उलटटपाली एकच शब्द लिहीत: ‘मान्य.’ तेवढ्यावर हा माणूस तीन महिने काढायचा.

मग सुनेनं हौसेनं त्यांच्या मोबाइलवर एक प्रोग्राम घालून दिला. पटावर सातपर्यंत मोहरे असले की जिंकणाऱ्या सगळ्या चाली त्याला तोंडपाठ. कवळीवाल्यांनी आपले बेचाळीस डाव ऐटीत त्याच्यापुढे मांडले आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. एकोणीस डावांत दुसरी चाल होती. हरवलेल्या स्वल्पविरामासाठी अख्खं पान परत पाठवणाऱ्या बाईंना ती दिसली नाही? की बाई पट मांडतच नव्हत्या?

कवळीवाल्यांनी लबाडी केली. काळ्याचा एकटा राजा, पांढऱ्याला दोन वजीर. शेंबडं पोरही जिंकेल असा डाव. खाली साळसूदपणे लिहिलं, ‘जिंकणारी चाल एकच.’

उत्तर आलं.

‘परीक्षा घेता होय? आधीच्या एकोणीसही दिसल्या होत्या. पहिलीच दाखवली असती, तर तुम्ही पुढचा डाव पाठवला नसतात. मला दुसरं कोणी लिहीत नाही.’

पोस्टमननं ते अर्थात आधीच वाचलं होतं. त्या दिवशी कार्ड देताना त्यानं थट्टा केली नाही.

समोर कोणीतरी खेळतंय, या समजुतीवर अकरा वर्षं गेली होती, आणि समोरची बाई नुसती सांभाळून घेत होती. रागवावं तर कोणावर?

तीन महिने खपून त्यांनी नवा डाव रचला. आधी सुनेला सांगून प्रोग्राम काढून टाकला. ती पुटपुटली, पण काढला. कार्डावर लिहिलं, ‘चूक असून मान्य केलंत, तर यापुढे कार्ड येणार नाही.’

नऊ दिवस काही नाही. पोस्टमन लांबूनच हात हलवी. दहाव्या दिवशी आलं:

‘अमान्य. चौथ्या खेळीला राजा मागे न घेता प्यादं ढकललं, तरी पांढरा जिंकतो. वाईट वाटलं.’

त्यांनी पट मांडला. प्यादं ढकललं. खरंच जिंकत होता.

“डाव मोडला गं माझा,” ते सुनेला म्हणाले.

“मग परत मांडा की, बाबा. आधी जेवून घ्या.”

तिला काय सांगणार? त्यांनी पटावरून हात फिरवून मोहरे गोळा केले आणि कोरं कार्ड पुढे ओढलं. ‘बाद. दुसरा पाठवतो,’ असं लिहून ते पानावर गेले.